पेडलची माळ गेली, एकच पेटी आली

एक कोडं घालतो. असं कोणतं यंत्र आहे, की जे अगदी धडधाकट असतं, पण बिघडल्यासारखं बोलायला शिकलेलं असतं? आणि ते जितकं हुबेहूब बिघडल्यासारखं बोलेल, तितकं लोक त्याला नावाजतात!

उत्तर आहे, गिटारवाल्यांचं 'डिजिटल मॉडेलर'. पुस्तकापेक्षा थोडी मोठी, पाय ठेवून दाबायच्या बटणांची ही पेटी. जळगाव-धुळ्याच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणाऱ्या एखाद्या दादाच्या पायाशी तुम्ही ती पाहिलीही असेल. पूर्वी त्याच जागी पाच-सहा रंगीत डब्यांची माळ असायची आणि पाठीमागे एक दणकट ॲम्प. ती माळ आणि तो ॲम्प आता या एका पेटीत मावतात. कसे मावतात, आणि काय मावत नाही, तेच आज बघू या.

खान्देशात वाद्यं बदलण्याची गोष्ट काही नवी नाही. लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ढोल, ताशा वाजवणारा बँड चालत असे. मग कीबोर्ड आला. तो कोणत्याही कंपनीचा असो, आपल्याकडे त्याचं नाव 'कॅसिओ'! त्याच्या जोडीला ऑक्टोपॅड आला. रोलँड या जपानी कंपनीनं पहिला ऑक्टोपॅड काढला १९८५ साली. आठ रबरी चौकोन, त्यावर काठी मारली की ढोलापासून झांजेपर्यंत हवा तो आवाज. मग गाडीवर स्पीकर चढले, आणि बँड चालायच्या ऐवजी गाडीतून फिरू लागला. गिटारच्या पेडलची गोष्ट ही त्याच वरातीतली पुढची पायरी म्हणा ना.

तारेपासून कानापर्यंत

इलेक्ट्रिक गिटारच्या तारेखाली लोहचुंबक असतं आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली, की वेढ्यांमध्ये अगदी किंचित वीज निर्माण होते. ही वीज म्हणजेच गिटारचा आवाज, पण एवढा क्षीण, की जसाच्या तसा स्पीकरला दिला तर ऐकूच येणार नाही. म्हणून ॲम्प्लिफायर लागतो.

गिटार आणि ॲम्प यांच्या वाटेवर बसतात ती पेडल. प्रत्येकाचं काम एकच. एक आवाज फाडतं, त्याला म्हणतात डिस्टॉर्शन. एक प्रतिध्वनी देतं, ते डिले. एक असा भास करून देतं, की दोन-तीन जण मिळून वाजवताहेत. ते कोरस.

यातल्या फाटक्या आवाजाची जन्मकथा मजेशीर आहे. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात मार्टी रॉबिन्स या गायकाच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू होतं. यंत्राचा एक भाग बिघडला आणि गिटारचा आवाज घोगरा, फाटका येऊ लागला. दुसऱ्या कुणी ते मुद्रण फेकून दिलं असतं. इथं ते तसंच ठेवलं, आणि लोकांना आवडलं! मग त्या बिघाडाची मुद्दाम नक्कल करणारं पेडल १९६२ मध्ये बाजारात आलं. त्याचं नाव 'फझ-टोन'. म्हणजे बघा, आज ज्याला आपण रॉक गिटारचा आवाज म्हणतो, त्याच्या मुळाशी एक बिघाड आहे.

डिलेची युक्ती तर तुम्हांला लगेच समजेल. गावात गंजीला आग लागली, की माणसं विहिरीपासून रांग धरतात आणि बादल्या हातोहात पुढं सरकवतात. पहिल्या माणसाकडून शेवटच्या माणसाकडे बादली पोहोचायला वेळ लागतो. १९६९ मध्ये फिलिप्स कंपनीच्या संशोधकांनी असंच एक सर्किट बनवलं. त्यात रांगेनं शेकडो बारीक कपॅसिटर. आवाजाची वीज एकातून दुसऱ्यात ओतत न्यायची. शेवटी ती बाहेर पडते तेव्हा थोडा उशीर झालेला असतो, आणि तोच आपला प्रतिध्वनी! या सर्किटचं नावसुद्धा 'बादल्यांची रांग' अशाच अर्थाचं आहे.

माळेचा त्रास

पेडलची माळ दिसायला झोकदार, पण सांभाळायला भारी. प्रत्येक पेडलला वीज हवी. कुणी ९ व्होल्टचा सेल घालतो, कुणी अडॅप्टर लावतो. दोन पेडलच्या मध्ये एक छोटी वायर. एक वायर जरी सैल झाली तरी सगळं गप्प. मांडवातल्या विजेचं अर्थिंग नीट नसेल, तर गाणं सुरू व्हायच्या आधीच 'गुंऽऽ' असा आवाज घुमू लागतो. त्यात ॲम्प व्हॉल्व्हचा असेल, तर त्याच्या काचेच्या नळ्यांना धक्का सोसत नाही, आणि मोठा असेल तर वजन पंचवीस-तीस किलो.

आता असा संसार घेऊन जळगावहून धुळ्याला कार्यक्रमाला निघायचं. एरंडोल, पारोळा करत सुमारे ९० किलोमीटर. एस.टी.त ॲम्प कुठे ठेवणार? मांडीवर? मॉडेलर मात्र दप्तरात मावतो. खान्देशातल्या वादकाला ही पेटी का पटते, याचं निम्मं उत्तर इथंच मिळतं.

आकड्यांचा खेळ

उरलेलं निम्मं उत्तर पेटीच्या पोटात आहे. पेटीत ना बादल्यांची रांग, ना काचेच्या नळ्या. तिथं आहे फक्त गणित.

गिटारकडून आलेली वीज पेटी मोजते. किती वेळा? एका सेकंदात ४४,१०० किंवा ४८,००० वेळा! एवढं कशाला, असं वाटेल. कारण आहे. तरुण, निरोगी कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. एखादं कंपन नीट पकडायचं, तर ते दुपटीहून अधिक वेळा मोजावं लागतं. म्हणून हा आकडा ४०,००० च्या वर. प्रत्येक मोजमापाची पट्टीही बारीक. सीडीच्या पट्टीवर ६५,५३६ खुणा असतात. हल्लीच्या बऱ्याच पेट्यांची पट्टी २४ बिटची, म्हणजे तिच्यावर १ कोटी ६७ लाखांहून जास्त खुणा!

आवाजाचे असे आकडे झाले, की त्यांच्यावर गणितं करायची. प्रतिध्वनी हवा? अर्ध्या सेकंदापूर्वीचे आकडे आठवणीतून काढा आणि आत्ताच्या आकड्यांत मिळवा. फाटका आवाज हवा? ठरावीक मर्यादेच्या वरचे आकडे कापून टाका. पण खरा व्हॉल्व्ह असा कात्रीनं कापल्यासारखं कापत नाही. तो हळूहळू दबतो, आणि हळू वाजवलं तर एक, जोरात वाजवलं तर दुसरं असं वागतो. त्याच्या या स्वभावाचं गणित मांडणं म्हणजे 'मॉडेलिंग'. शेवटी आकड्यांची पुन्हा वीज होते आणि ती स्पीकरकडे जाते.

गिटारसाठी असं मॉडेलिंग करणारं रोलँडचं व्हीजी-८ हे यंत्र १९९५ मध्ये आलं. १९९८ मध्ये अमेरिकेच्या लाइन ६ कंपनीनं 'पॉड' नावाची, घेवड्याच्या दाण्यासारख्या आकाराची लाल पेटी काढली. ती घरोघर पोहोचली. २०११ मध्ये जर्मनीच्या केम्परनं नवीच वाट धरली. यंत्र खऱ्या ॲम्पला निरनिराळे आवाज ऐकवतं, त्याचं उत्तर ऐकतं आणि त्यावरून त्याचा स्वभाव टिपतं. आता तर खऱ्या ॲम्पचे आधीचे आणि नंतरचे आवाज ऐकून संगणक आपणहून शिकतो. हे करणारी एक आज्ञावली चक्क फुकट मिळते.

कुणी म्हणेल, एवढी गणितं करायची तर वेळ लागत नाही का? लागतो. चांगल्या पेटीला सुमारे २-३ मिलिसेकंद. पण आवाजाला हवेतून एक मीटर जायलाही जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात! म्हणजे पेटीमुळे होणारा उशीर हा ॲम्पपासून एक पाऊल मागं सरकल्याइतकाच.

मग जुनं विकून टाकायचं?

हा प्रश्न मुलांपेक्षा आई-बाबांना जास्त पडतो, म्हणून त्यांनीही इथं लक्ष द्यावं.

पेटीच्या बाजूनं बोलायचं तर खर्च एकदाच होतो. हेडफोन लावले की शेजारी झोपमोड नाही, आणि घरात ताई दहावीच्या अभ्यासाला बसली असेल तर तिचीही तक्रार नाही. कालच्या कार्यक्रमात जुळवलेला आवाज आज बोटाच्या एका दाबानं परत मिळतो.

माळेचेही गुण आहेत. एक पेडल बंद पडलं तरी बाकीची बोलतात. साधं पेडल रेडिओ दुरुस्त करणारे काकासुद्धा उघडून, डाग देऊन चालू करू शकतात. पेटीतली मुख्य चिप गेली, की सगळंच मुकं. पुन्हा पेडलला बटणं तीनच. पेटीत शेकडो आवाज. मुलगा रियाजाला बसतो आणि सगळी संध्याकाळ पडद्यावर आवाज निवडण्यात जाते! म्हणून नव्यानं शिकणाऱ्यानं वर्षभर तरी साधी गिटार वाजवावी. बोटं तयार झाली नसतील, तर कोणतीही पेटी ते लपवत नाही.

आपल्या संगीतात हा वाद आधीच होऊन गेलाय, बरं का. १९७९ मध्ये बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या भोपळ्याचे तानपुरे घडवणारे कारागीर आहेत. त्यांचा तानपुरा कुठे आणि ही डबी कुठे, असं म्हटलं गेलं. आज गाण्याच्या शिकवणीत डबी सर्रास दिसते. मैफलीत मात्र गायकाच्या मागे खरे तानपुरे पुष्कळदा असतातच. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. रियाजाला डबी आणि मैफलीला तानपुरा, अशी वाटणी झाली. पेडल आणि पेटी यांचंही असंच होईल, असं दिसतं.

पेटीत काय नाही?

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. पेटीला तेवढेच आवाज माहीत असतात, जेवढे कुणीतरी मोजून तिच्यात ठेवले. तिची यादी वाचा. फेंडरसारखा ॲम्प आहे, मार्शलसारखा आहे, लंडनचा आहे, कॅलिफोर्नियाचा आहे. पण मांडवाच्या बांबूला बांधलेला आपला कर्णा? तोच तो पत्र्याचा भोंगा, ज्याला खर्ज जमत नाही, पण मधल्या पट्टीतला आवाज शेतापलीकडे फेकतो. अहिराणी गाणी आपल्या आजी-आजोबांनी त्याच्यातूनच ऐकली. तो यादीत शोधून सापडायचा नाही. नॅशव्हिलच्या बिघाडाला पेटीत जागा मिळाली, कारण तो कुणाला तरी मोलाचा वाटला. आपल्या कर्ण्याचा किरटेपणा मोलाचा आहे असं आपण म्हटल्याशिवाय दुसरं कोण म्हणणार?

साक्री तालुक्याच्या पश्चिम भागातल्या आदिवासी पाड्यांवर भोपळा आणि बांबूची पावरी वाजते. हल्ली तिचा सूर वरातीच्या गाडीवर कीबोर्डमधूनही ऐकू येतो. कुणीतरी तो टिपला म्हणून आला. पण हेही ध्यानात ठेवा, की सूर पेटीत ठेवला म्हणजे वादक सांभाळला, असं होत नाही. पावरीवाल्या बाबांना वाजवायला बोलावलं, तरच त्यांचा नातू ती शिकेल.

आणि गंमत म्हणजे हे टिपण्याचं काम तुम्हांलाही जमेल. बऱ्याच पेट्यांमध्ये स्पीकरची आपली स्वतःची नोंद भरता येते. मोठ्या माणसांच्या मदतीनं कर्ण्यातून अगदी खालच्या पट्टीपासून वर चढत जाणारा दहा सेकंदांचा सूर सोडायचा आणि समोर मोबाइल किंवा मायक्रोफोन ठेवून तो मुद्रित करायचा. मूळ सूर आणि कर्ण्यातून आलेला सूर यांची संगणक तुलना करतो आणि कर्ण्याचा स्वभाव एका छोट्या फाइलमध्ये उतरतो. ती पेटीत घातली, की गिटार कर्ण्यातून बोलू लागते!

घरी पेटी नसेल तरी सुरुवात करता येईल. शाळेच्या रिकाम्या सभागृहात एकदा जोरात टाळी वाजवा आणि मोबाइलवर मुद्रित करा. मग जुन्या वाड्याच्या जिन्यात आणि शेवटी केळीच्या बागेत तेच करा. तिन्ही टाळ्या लागोपाठ ऐका. एकच टाळी, पण तीन जागांनी तिला तीन आवाज दिलेले ऐकू येतील. श्रावणात कानबाईच्या मिरवणुकीला वाजंत्री आली, की वादकांची परवानगी घेऊन त्यांचंही वादन टिपा. सोबत वहीत वाद्याचं नाव, वादकाचं नाव, गाव आणि तारीख न विसरता लिहून ठेवा.