आभाळ कुठे संपते? चंद्रावर कॅमेरा ठेवणारे डॉ. जॉर्ज कॅरुथर्स

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. एकदा सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, आभाळ कुठे संपते?" बाकीची मुले खो-खो हसली. आम्हाला काही हसता आले नाही, कारण उत्तर आम्हालाही ठाऊक नव्हते. पुस्तके चाळली, शोध घेतला, तेव्हा एका थोर कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाची ओळख झाली. ती घरोघरच्या आईबापांना आणि मुलांना करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

जॉर्ज कॅरुथर्स यांचा जन्म १ ऑक्टोबर १९३९ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात झाला. वडील इंजिनियर होते. जॉर्ज दहा वर्षांचा असताना त्याने घरोघर सामान पोचवून चार पैसे जमवले, टपालाने भिंगे मागवली आणि पुठ्ठ्याच्या नळीची दुर्बीण तयार केली. तो बारा वर्षांचा झाला आणि वडील वारले. आई मुलांना घेऊन शिकागोला आली आणि टपाल खात्यात नोकरीला लागली. घरचा कर्ता माणूस गेला म्हणून पोराचे शिक्षण थांबले नाही. १९६४ साली जॉर्ज इलिनॉय विद्यापीठाचा डॉक्टर झाला. वर्णभेदाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा अमेरिकेत झाला, तोही याच साली! पुढे वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी आयुष्यभर काम केले.

त्यांचा विषय होता अतिनील प्रकाश. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. त्यातला बराचसा भाग वरची हवाच शोषून घेते. म्हणून आपली कातडी आणि पिके वाचतात. पण त्यामुळेच जमिनीवरून कितीही मोठी दुर्बीण लावली, तरी त्या प्रकाशातले आकाश दिसत नाही. त्यासाठी हवेच्या बाहेर जावे लागते. कॅरुथर्स यांनी एक खास कॅमेरा बनवला. अतिनील प्रकाश आत पडला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, ते विजेच्या दाबाने वेगात फिल्मवर आदळतात आणि अंधुकसे चित्रही ठसठशीत उमटते. १९६९ साली त्यांना या तंत्राचे पेटंट मिळाले. १९७० मध्ये रॉकेटवरच्या अशाच उपकरणाने ताऱ्यांमधल्या पोकळीत हायड्रोजनचे रेणू असल्याचा पहिला पुरावा दिला.

एप्रिल १९७२ मध्ये अपोलो-१६ यान चंद्रावर उतरले. त्यात कॅरुथर्स यांचा सुमारे २२ किलो वजनाचा, सोन्याचा मुलामा दिलेला कॅमेरा होता. अंतराळवीर जॉन यंग यांनी तो यानाच्या सावलीत मांडला आणि हाताने फिरवून एकेका दिशेला रोखला. चंद्रावर मांडलेली ही पहिली दुर्बीण! फिल्म पृथ्वीवर परत आली. कॅमेरा आजही तिथेच उभा आहे.

त्या फिल्मवर आपली पृथ्वी नव्या रूपात दिसली. ध्रुवांजवळचा ध्रुवीय प्रकाश, विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचे उजळ पट्टे आणि सगळ्या पृथ्वीला वेढणारे हायड्रोजनचे विरळ वलय. या वलयाला 'जिओकरोना' म्हणतात. सूर्यकिरणांनी वरच्या हवेतली पाण्याची वाफ फुटते, त्यातला हलका हायड्रोजन वर वर जातो आणि थोडाथोडा अवकाशात निसटतो. ही शास्त्रज्ञांची नुसती हौस नव्हे. रात्री दूरदूरची रेडिओ केंद्रे लागतात, ती वरच्या हवेतल्या विद्युतभारित थरामुळे. सूर्यावर वादळ उठले की हाच थर खवळतो आणि उपग्रहांचे संदेशही बिघडतात. म्हणून ही वरची हवा जाणून घेणे आपल्याही कामाचे आहे.

मग आभाळ संपते कुठे? २०१९ साली जुन्या उपग्रह-नोंदी तपासताना आढळले, की हे वलय सुमारे ६ लाख ३० हजार किलोमीटरपर्यंत पसरले आहे. चंद्र तर ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर! म्हणजे चंद्रावर उभा असलेला तो कॅमेराही पृथ्वीच्याच विरळ हवेत होता.

२०१३ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते कॅरुथर्स यांना राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. २६ डिसेंबर २०२० रोजी त्यांचे निधन झाले. याच वलयाचा अभ्यास करण्यासाठी 'कॅरुथर्स' हे त्यांचे नाव दिलेले यान २४ सप्टेंबर २०२५ रोजी सोडण्यात आले. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर जाऊन पृथ्वीकडे पाहायचे, हे त्याचे काम.

एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण वॉशिंग्टनच्या शाळकरी मुलांना शिकवायला ते आवर्जून वेळ काढीत. मायबापहो, आपल्या घरात पोराने किंवा पोरीने 'असे का?' म्हणून विचारले, तर 'गप्प बस' म्हणू नका. उत्तर येत नसेल तर तिच्याबरोबर बसून शोधा.

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलाला उत्तर सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, मग त्याच्या पलीकडे काय आहे?" यावेळी वर्गात कुणी हसले नाही.