तबकडी बिघडली कीं यंत्र?

लग्नकार्याचें चित्रण, लहान मुलाचे पहिले बोल, आजोबांच्या तोंडची एखादी जुनी हकीकत, असें जें जें जपून ठेवावेंसें वाटलें, तें तें या शतकाच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत शहरांतील सुशिक्षित घरांनीं एका चकचकीत तबकडीवर उतरवून ठेवलें. वर्सोव्यास तर या तबकडीकडे आणखी एक काम होतें. यारी रोड, सात बंगला या बाजूस बिऱ्हाड करून सिनेमांत व मालिकांत काम शोधणारे नट आपल्या अभिनयाचे नमुने डीव्हीडीवर लिहून निर्मात्यांच्या कचेऱ्यांत नेऊन देत. पुढें तें काम मोबाइलनें व इंटरनेटनें आपल्याकडे घेतलें. तबकड्या मात्र कपाटांतच राहिल्या. आज त्यांतील एखादी लावावी तर ती चालत नाहीं. तिची नवी प्रत काढावी तर निम्म्यावर काम थांबतें व लेखन अयशस्वी झाल्याचा मजकूर पडद्यावर येतो. 'रायटर गेला' असें म्हणून गृहस्थ तें यंत्र भंगारवाल्यास देतो. हा निकाल पुष्कळदां घाईचा असतो, आणि एखादे वेळीं त्या घाईची भरपाई पैशानें होत नाहीं. तें कसें, हें आज पाहावयाचें आहे.

प्रथम तबकडी लिहिली कशी जाते तें ध्यानांत घेऊं. बाजारांत विकत मिळणारी चित्रपटाची किंवा कोळीगीतांची तबकडी कारखान्यांत ठशानें दाबून काढलेली असते. ग्रामोफोनच्या रेकॉर्डप्रमाणें तिच्यावरील खुणा प्लास्टिकांतच उमटलेल्या असतात. घरीं लिहावयाची कोरी तबकडी निराळी. तिच्या पोटांत रंगद्रव्याचा अतिशय पातळ थर असतो व त्याच्यामागें आरशासारखा चकाकणारा धातूचा थर असतो. रायटरमधील लेसर किरण त्या रंगद्रव्यास जागोजाग तापवितो व तेथील प्रकाश परत फेंकण्याची शक्ति कमी करतो. वाचतांना मंद किरण त्याच वाटेनें फिरवून उजळ जागा कोणती व निस्तेज जागा कोणती हें यंत्र ओळखतें. ही वाट किती अरुंद! डीव्हीडीवर एका मिलिमीटरांत सुमारें १३५० ओळी शेजारीं शेजारीं बसविलेल्या असतात. तेव्हां भिंगावर धुळीचा कण बसला, किंवा तबकडी किंचित् वांकडी झाली, तरी किरण वाट चुकतो.

यावरून दोष तीन ठिकाणीं संभवतो : तबकडींत, यंत्रांत, अथवा यंत्र व संगणक यांना जोडणाऱ्या साधनांत. वैद्य ज्याप्रमाणें एका वेळीं एकच औषध बदलून पाहतो, त्याप्रमाणें येथेंहि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झालें, तर कोणत्या गोष्टीनें झालें तें कळत नाहीं.

आरंभ तबकडीपासून करावा, कारण ती सर्वांत स्वस्त. दुसऱ्या बनावटीची एक कोरी तबकडी घेऊन पाहावी. प्रत्येक कोऱ्या तबकडीवर तिच्या उत्पादकाची सांकेतिक खूण असते. ती वाचून किरण किती प्रखर ठेवावयाचा हें रायटर आपल्या स्मरणांतील कोष्टकावरून ठरवितो. कोष्टकांत नसलेली खूण आढळली म्हणजे त्यास अंदाजानें काम करावें लागतें, आणि हलक्या मालाच्या बाबतींत तो अंदाज वारंवार चुकतो. दुसरी गोष्ट वेगाची. सोळापट वेगानें लिहितांना तबकडी मिनिटास नऊ हजारांवर फेरे घेते. थोडी डळमळ झाली तरी बाहेरच्या कडेजवळ लेखन बिघडतें. आठपट वेग ठेवला तर कांहीं मिनिटें जास्त लागतात, पण काम भरंवशाचें होतें. लेखन संपल्यावर सर्व मजकूर पुन्हां वाचून ताडून पाहण्याची सोय बहुतेक कार्यक्रमांत असते. ती कधींहि बंद ठेवूं नये.

तबकडी बदलूनहि अडचण राहिली तर जोडणीकडे वळावें. लॅपटॉपला बाहेरून जोडावयाचा सडपातळ रायटर आपली वीज यूएसबीच्या तारेंतूनच घेतो. वाचतांना त्याचें भागतें. लिहितांना किरण प्रखर करावा लागतो तेव्हां वीज अपुरी पडते व यंत्र मध्येंच गळाठतें. याकरितां तार आंखूड असावी, ती थेट संगणकाच्या पाठीमागील खांचेंत बसवावी, अनेक उपकरणें जोडलेल्या पेटींतून नेऊं नये. त्याच वेळीं संगणकावर दुसरें अवजड काम चालूं ठेवूं नये. एवढ्यानें झालें नाहीं तर तोच रायटर शेजाऱ्याच्या संगणकास लावून पाहावा. तेथें तो नीट चालला, तर दोष आपल्या संगणकांत किंवा त्यांतील कार्यक्रमांत आहे हें उघड झालें.

आतां यंत्र. येथें एक सोपी कसोटी आहे. सीडीसाठीं डोळ्यांस न दिसणारा ७८० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा किरण लागतो, डीव्हीडीसाठीं ६५० नॅनोमीटरचा तांबडा. हे दोन किरण निरनिराळ्या उगमांतून निघतात. म्हणून जो रायटर सीडी निर्धास्त लिहितो पण कोणतीच डीव्हीडी लिहीत नाहीं, त्याचा तांबडा लेसर म्हातारा झाला असें समजण्यास हरकत नाहीं. अशा यंत्रावर दुरुस्तीचा खर्च करूं नये. दोन्ही अडखळत असतील तर भिंगावर धूळ किंवा बुरशी असण्याचा संभव अधिक. वर्सोव्यासारख्या समुद्राकांठच्या वस्तींत खारा वारा व पावसाळ्यांतील ओल या यंत्रास सोसत नाहीं. कॅमेऱ्याचें भिंग साफ करण्याच्या रबरी फुग्यानें हळूच वारा घालावा. तोंडानें फुंकर मारूं नये, कारण तींत बाष्प असतें. खण बाहेरच येत नसेल, तर समोरच्या बारीक छिद्रांत, यंत्र बंद ठेवून, सरळ केलेली कागद लावण्याची टांचणी घालावी म्हणजे तो उघडतो; आंतील रबरी पट्टा सैल झाल्याचें तें लक्षण असूं शकतें, आणि तो बदलतां येतो.

कधीं कधीं लेखन यशस्वी होतें, पण टीव्हीजवळच्या प्लेअरवर तबकडी चालत नाहीं. येथें यंत्राचा कांहीं अपराध नसतो. तबकडी शेवटीं बंद करण्याची क्रिया राहून गेलेली असते, किंवा चित्रण डीव्हीडी-चित्रपटाच्या पद्धतीनें न मांडतां नुसत्या फाइली उतरविलेल्या असतात. अमेरिकेंतील मुलीकडे पाठविलेली तबकडी तिकडे लागत नाहीं याचें कारण आणखी निराळें : आपल्याकडे दूरदर्शनची पद्धत पॅल, तिकडची एनटीएससी. संगणकावर ती बहुधा चालते.

एवढ्या परीक्षेनंतर रायटर खरोखरच थकला आहे असें ठरलें, तरी तो टाकूं नये. ही गोष्ट या विवेचनांत सर्वांत महत्त्वाची आहे. जुन्या यंत्राचा किरण वर्षानुवर्षें किंचित् बाजूस सरकलेला असूं शकतो, व त्यानें लिहिलेल्या तबकड्याहि तशाच किंचित् सदोष लिहिल्या गेलेल्या असूं शकतात. त्या इतर यंत्रांना कधीं कधीं वाचतां येत नाहींत. ज्यानें लिहिल्या त्यालाच त्या कित्येकदां वाचतां येतात. लिहिण्यास निकामी झालेलें यंत्र वाचण्यास पुष्कळ दिवस उपयोगी पडतें. तें भंगारांत गेलें म्हणजे त्याच्याबरोबर त्या तबकड्यांची किल्लीहि गेली.

या कामांत उशीर करूं नये, त्याचेंहि कारण आहे. तबकडीवरील मजकूर १९६० सालीं रीड व सॉलोमन या दोघां अमेरिकन गणितज्ञांनीं मांडलेल्या रीतीनें गुंफलेला असतो. त्यामुळें कांहीं अक्षरें पुसलीं गेलीं तरी उरलेल्यांवरून यंत्र तीं भरून काढतें व चित्र निर्दोष दिसतें. आंत रंगद्रव्य फिकें पडत असतें, पण बाहेरून त्याचा पत्ता लागत नाहीं. आणि भरून काढण्याची मर्यादा ओलांडली कीं कालपर्यंत चालणारी तबकडी आज एकाएकीं मुकी होते. 'आमची अजून छान चालते' हें वाक्य म्हणूनच विश्वासार्ह नव्हे.

नवा रायटर घेतांना तो नव्या तबकड्या लिहील किती, यापेक्षां जुन्या वाचील कशा, हें आधीं पाहावें. हा धंदा आटत चालला आहे. नोयडा येथें कारखाने असलेली मोझर बेअर ही कंपनी एके काळीं जगांतील मोठ्या तबकडी-उत्पादकांत गणली जाई. २०१८ सालीं ती मोडींत काढण्याचा हुकूम झाला. सोनी कंपनीनें घरीं लिहावयाच्या ब्लू-रे तबकड्यांचें उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्यें थांबविलें. तेव्हां पुढील दहा वर्षांचा विचार करून निवड करावी. टेबलावरचा मोठा संगणक घरांत असेल तर त्यांत बसणारा पूर्ण आकाराचा सॅटा जोडणीचा रायटर पसंत करावा. त्याची वीज भरपूर व बांधणी भक्कम असते. लॅपटॉपच असेल तर सडपातळ बाहेरचा घ्यावा, पण परत घेण्याची अट दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्यावी. वर्सोव्याहून मेट्रोनें अंधेरीस व तेथून लोकलनें ग्रँट रोडला उतरलें कीं लॅमिंग्टन रोडचा बाजार जवळच आहे. जातांना घरांतील सर्वांत कुरकुर करणारी तबकडी बरोबर न्यावी, व जें यंत्र ती वाचील तें घ्यावें. ती तबकडी हीच उत्तम परीक्षक.

यंत्र घरीं आलें कीं प्रथम जुन्या तबकड्या हार्ड डिस्कवर उतरवाव्या. ज्या अडतील त्यांच्यासाठीं 'डीडीरेस्क्यू' नांवाचा मोफत कार्यक्रम आहे. तो वाचतां येणारा भाग आधीं उचलतो व अवघड जागीं मागाहून पुन्हां पुन्हां प्रयत्न करतो. एका यंत्रावर राहिलेला भाग दुसऱ्या यंत्रावर वाचून त्याच नकलेंत भरतां येतो. येथें तो जुना रायटर कामास येईल. उतरविलेल्या मजकुराच्या दोन प्रती कराव्या, आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या घरीं ठेवावी. मूळ तबकड्या उभ्या, अंधारांत, कोरड्या डब्यांत ठेवाव्या. त्यांवर चिकटपट्टी लावूं नये, व टोंकदार बॉलपेननें नांव लिहूं नये.

यंत्र बाजारांत आणखी कांहीं वर्षें मिळेल. तबकडीवरचा आवाज मात्र एकदां गेला म्हणजे कोणत्याहि दुकानांत मिळावयाचा नाहीं. म्हणून रायटर कुरकुरूं लागला कीं नव्या यंत्राच्या किंमती विचारण्यापूर्वीं कपाट उघडावें, तबकड्या मोजाव्या, आणि ज्यांची दुसरी प्रत कोठेंहि नाहीं त्या पहिल्यानें बाजूस काढाव्या.