दमास्कसच्या तलवारीचे पोलाद

दमास्कसच्या नावाने गाजलेल्या तलवारींचे पोलाद बरेचदा दक्षिण भारतातून किंवा श्रीलंकेतून जाई. आजच्या तेलंगणातले कोनसमुद्रम हे त्याचे एक नावाजलेले केंद्र. लोखंडाचे तुकडे, लाकूड किंवा कोळसा आणि तरवडासारखा पाला मातीच्या मुशीत भरून तोंड लिंपत, भात्याने भट्टी फुलवत आणि मग मूस सावकाश निवू देत. ती फोडली की वुट्झ पोलादाची लगड हाती येई.

मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी अशा लगडी लंडनला धाडल्या आणि जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यांच्यावरचा निबंध मांडला. पुढे मायकेल फॅरेडे यांनीही १८१९ मध्ये तपास केला. पण त्यांनी वुट्झच्या गुणांचे श्रेय अॅल्युमिनियम व सिलिका यांना दिले. या थोर शास्त्रज्ञाचा अंदाज इथे चुकला. खरा कर्ता कार्बन. तो वुट्झमध्ये साधारण दीड टक्का असतो, बांधकामाच्या साध्या पोलादात त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा.

पात्यावरची लहरदार नक्षी मात्र बराच काळ कोडेच राहिली. पात्याचा लहानसा तुकडा कापून, आरशासारखा घासून त्यावर सौम्य आम्ल लावले, की सूक्ष्मदर्शकाखाली गडद पार्श्वभूमीवर पांढरे कण ओळीने मांडलेले दिसतात. हे कण सिमेंटाइटचे, म्हणजे लोह-कार्बन संयुगाचे. ते ओळीत का बसतात, याचे उत्तर अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवेन आणि लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी दिले. खनिजातून आलेले व्हॅनेडियम लगड गोठताना ठरावीक पट्ट्यांत साचते; पाते पुन्हापुन्हा तापवून ठोकले की त्या पट्ट्यांतच सिमेंटाइटचे कण वाढतात. त्यासाठी व्हॅनेडियम शेकडा ०.००५ च्या आसपास असले तरी पुरते. तापमान नजरेने ओळखणाऱ्या कारागिराला या द्रव्याचा पत्ता असणे शक्यच नव्हते. खनिजाची खाण बदलली आणि नक्षी उमटेनाशी झाली, हा व्हरहोवेन यांचा तर्क म्हणूनच पटतो.

अशा संशोधनाला जुनी पाती कापावी लागली. हेन्री मोझर यांच्या संग्रहातील काही तलवारी त्यासाठी मिळाल्या होत्या. स्वित्झर्लंडच्या झ्शोके यांनी त्या तलवारींचा अभ्यास १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्याच एका तलवारीच्या नमुन्यात ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २००६ मध्ये कार्बनच्या नॅनोनलिका सापडल्याचे जाहीर केले; धारेच्या गुणांशी त्यांचा संबंध किती, यावर मतभेद आहेत.

आता संग्रहालये कापाकापीला सहसा राजी नसतात. न्यूट्रॉन किरण पोलादातून आरपार जातात, त्यामुळे अखंड पात्यातही लोह व सिमेंटाइटचे प्रमाण मोजता येते आणि कुठला भाग तापवून पाणी देऊन कठीण केला होता, हेही ताडता येते.