भीती पाण्याची की हसण्याची?

पन्नाशीत नवे काही शिकायचे म्हटले की दोन भीती एकदम पुढे येतात. एक त्या गोष्टीची, दुसरी लोकांच्या हसण्याची.

राजूरला बावन्नाव्या वर्षी मी पोहायला शिकलो. पाण्याला लहानपणापासून भीत होतो. कमरेला वाळका भोपळा, दोर चुलतभावाच्या हातात, विहिरीच्या काठावर हसणारी पोरे. छातीत हवा भरून अंग सैल सोडले की पाणी माणसाला उचलून धरते. घाबरलेला माणूस डोके वर काढायला धडपडतो, श्वास सोडतो आणि खाली जातो. हे अंगात मुरले, तशी पाण्याची भीती गेली. हसण्याची भीती मात्र रोज त्याच पोरांसमोर उतरून गेली.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावातल्या आज्यांपुढे आमची पन्नाशी म्हणजे बालवाडीच. शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. विद्यार्थिनी साठीपुढच्या, जन्मभर अंगठा उठवत आलेल्या. नातवंडांच्या वर्गात त्या कशा बसल्या असत्या? इथे वर्ग त्यांचा, वेळ कामे आटोपल्यावर दुपारची, साडी सर्वांची गुलाबी. सगळ्याच नवशिक्या, मग कुणी कुणाला हसायचे? पाटीवर एकेक अक्षर गिरवत त्या सहीपर्यंत आल्या.

अंगारकीला जालन्याहून राजूरला पायी माणसे येतात. एकट्याला लांब वाटणारी वाट सोबतीने सरते. भीती जाण्याची वाट पाहू नका. सोबत शोधा आणि उतरा. भीती मागून जाते.