खाणीच्या खड्ड्यांत घडविलेली माती

इंग्लंडांतील कॉर्नवॉल परगण्यांत बोडेल्व्हा येथें चिनी मातीची जुनी खाण होती. खड्डा सुमारें ६० मीटर खोल. सुपीक मातीचा लवलेश नाहीं. तेथेंच उभारलेली 'ईडन प्रकल्प' ही वनस्पतिवाटिका मार्च २००१ मध्यें लोकांस खुली झाली. त्याकरितां खाणींतील टाकाऊ माल व पालापाचोळ्याचें कुजलेलें खत मिसळून सुमारें ८५ हजार टन माती बनवावी लागली. कारण सेंद्रिय अंशावांचून नुसत्या रेतीमातींत झाड तग धरीत नाहीं.

आमच्या शेतकरी बंधूंनीं यांतून बोध घ्यावा. जमीन मुरूम वा दगड काढण्यास देतांना वरचा सुपीक थर निराळा राखावा व काम संपतांच परत पसरावा, अशी अट करारांत अवश्य घालावी. गेलेली माती पुन्हा घडवितां येते. परंतु मोल फार पडतें.