गाडीमागून ओढत नेण्याचे खणयंत्र : घ्यावे की न घ्यावे?

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, वैनगंगा आणि तिला मिळणारी चुलबंद यांच्या खोऱ्यात लाखांदूर तालुका आहे. हा धानाचा मुलूख. वर्षाकाठी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. दाणा भरण्याच्या सुमारास पावसाने दडी मारली, की हाताशी आलेले पीक जाते. म्हणून पाणी अडविण्याची विद्या येथे फार जुनी आहे. कोहळी समाजाने बांधलेले तलाव या भागात गावोगाव आढळतात. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तेव्हापासून कागदोपत्री त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ असे नाव पडले. इटियाडोह धरणाचा कालवा तालुक्याच्या काही भागात पोचतो. जेथे तलाव नाही आणि कालवाही नाही, तेथे शेतकऱ्याचा आधार म्हणजे बोडी : एकदोन शेतकऱ्यांच्या बांध्यांना पुरेल एवढे पाणी साठविणारा लहानसा तलाव.

बोडीत दर पावसाळ्यात गाळ येतो. तो काढावा लागतो, पाळ नीट करावी लागते, बोडीपासून बांधीपर्यंत नळ टाकायचा तर चर खणावा लागतो. हे सारे पूर्वी कुदळ, फावडे आणि घमेले यांवर चाले. आता गावोगाव पिवळे जेसीबी फिरतात. (जेसीबी हे यंत्राचे नाव नव्हे. ती जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराच्या नावाची आद्याक्षरे आहेत. त्याच्या कंपनीची यंत्रे १९७९ पासून भारतात बनू लागली आणि हळूहळू कंपनीचे नावच यंत्राला चिकटले.)

या मोठ्या यंत्राचे एक छोटे भावंडही मिळते. दोन चाकांच्या सांगाड्यावर आठनऊ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, एक तेलपंप, कोपरात वाकणारा लोखंडी हात आणि हाताच्या टोकाला वीतसव्वा वीत रुंदीची बकेट. वजन अवघे पाचशे किलोच्या आसपास. जीपच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे अडकवून ते ओढत न्यायचे. शेतात सोडल्यावर मात्र त्याला स्वतःची चाल नसते. बकेट जमिनीत रोवायची आणि हात आखडून किंवा लांबवून सगळे यंत्र पुढेमागे सरकवायचे, अशी त्याची रांगण्याची तऱ्हा आहे. पाहायला मोठी गंमत वाटते.

समजा, लाखांदूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला असे यंत्र घेण्याचा मोह झाला आहे. किंमत तीन लाख रुपये धरू. त्यासाठी घरातली शिल्लक मोडावी लागेल, थोडे कर्जही काढावे लागेल. त्याची दोन कामे आहेत : वीस मीटर लांब व वीस मीटर रुंद बोडी एक मीटर खोल करणे, आणि नळासाठी तीनशे मीटर चर खणणे. यंत्र घ्यावे का? विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे आणि अंकगणिताचाही. दोन्ही आपल्याला नववी-दहावीत शिकविलेलेच आहे.

प्रथम यंत्राच्या ताकदीकडे पाहू. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोचतो, हा नियम सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडला. खणयंत्राचा पंप तेलावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १४० किलोग्रॅम भाराइतका दाब देतो असे धरा. हे तेल ज्या नळकांड्यात जाते त्यातील दट्ट्याचा व्यास सहा सेंटिमीटर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर भरते. गुणाकार करा : जवळजवळ चार टन! बकेटच्या दातापर्यंत येताना तरफेच्या हिशेबाने त्यातले एक टनाहून थोडे अधिक उरते. मोटारसायकलएवढ्या शक्तीच्या इंजिनातून एवढा जोर निघालेला पाहून शेतकरी खूश होतो. विक्रेता हाच आकडा सांगतो, आणि तो खोटा नसतो.

पण जोर फुकट मिळत नाही. शक्ती म्हणजे जोर आणि वेग यांचा गुणाकार. हे लहान इंजिन त्या दाबाने मिनिटाला फार तर वीस लिटर तेल ढकलू शकते. म्हणजे सेकंदाला साधारण ३३० घनसेंटिमीटर. त्याला २८ ने भागले, की दट्ट्या सेकंदाला सुमारे १२ सेंटिमीटर सरकतो असे दिसते. साठ सेंटिमीटरची एक सरक पुरी व्हायला पाच सेकंद लागतात. आता खणण्याचे एक आवर्तन मोजा : बकेट ओढणे, वळवून भरणे, उचलणे, बाजूला फिरविणे, ओतणे, परत आणणे. अर्धा मिनिट सहज जातो.

येथे एक गोष्ट करून पाहण्याजोगी आहे. एक घनमीटर माती, म्हणजे सुमारे १,७०० किलो, दोन मीटर उंच उचलायला सिद्धांताने किती ऊर्जा लागते? सुमारे ३३ किलोज्यूल. नऊ अश्वशक्तीचे इंजिन ती पाच सेकंदांत देऊ शकते. त्या हिशेबाने तासाला सातशे घनमीटर माती निघायला हवी! प्रत्यक्षात काय होते? बकेटमध्ये तीस लिटर माती मावते आणि ती दर वेळी काठोकाठ भरत नाही. ऐंशी टक्के भरते असे धरू. तासाला १२० आवर्तने, म्हणजे २,८८० लिटर. पण ही झाली सुटी माती. खणलेली माती फुगते. जमिनीतली एक घमेले माती बाहेर काढली की सव्वा घमेले होते. म्हणून सव्वाने भागावे लागते. उत्तर येते तासाला २.३ घनमीटर. सिद्धांताचा तीनशेवा हिस्सा! बाकीची शक्ती रिकामी बकेट हलविण्यात, तेल तापविण्यात आणि माती फोडण्यात खर्च होते. यंत्राचे काम इंजिनाच्या अश्वशक्तीवरून अजमावू नये ते यासाठीच. बकेटचे माप आणि हातातले घड्याळ ही दोन साधने त्याहून विश्वासू आहेत.

दुसरी अडचण न्यूटनच्या तिसऱ्या नियमाची. बकेट मातीला स्वतःकडे ओढते, तेव्हा मातीही यंत्राला तेवढ्याच जोराने खड्ड्याकडे ओढते. पाचशे किलोचे यंत्र केवळ घर्षणावर उभे असेल, तर ते अडीचशे-तीनशे किलोपेक्षा अधिक ओढ सहन करू शकत नाही. पाय जमिनीत रुतवून टेकले तर थोडी अधिक. दाताशी एक टन जोर आहे खरा, पण तो वापरायला लागलो की माती फुटण्याऐवजी यंत्रच घसरत येते. मोठा जेसीबी सात-साडेसात टनांचा असतो. त्याचे वजन हेच त्याचे बळ. वजन कमी म्हणून छोटे यंत्र सहज ओढून नेता येते आणि त्याच कारणाने ते कठीण जमिनीत हतबल होते. एकच गुण आणि तोच दोष.

कठीण जमीन हा प्रश्न लाखांदूरकडे केव्हा येतो? ज्या महिन्यात काम असते नेमका त्याच महिन्यात. या खोऱ्यातले शेतकरी आपल्या जमिनी नावाने ओळखतात. सिहार म्हणजे हलकी, वाळूसर, पिवळसर माती. कन्हार म्हणजे भारी काळी चिकण माती. धान निघाल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरात सिहारात ओल असते, तेव्हा छोटे यंत्र ती मजेत खणते. पण तेव्हा बोडीत पाणी असते. बोडी कोरडी पडते एप्रिल-मेमध्ये. त्या वेळी कन्हार विटेसारखी झालेली असते. आणि जूनचे दोन चांगले पाऊस झाले, की तीच कन्हार बकेटला अशी चिकटते की दर दोन आवर्तनांनी फावड्याने खरवडून काढावी लागते.

आता रुपयांकडे वळू. पुढचे दर हिशेबाची रीत दाखविण्यापुरते धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे आकडे घालून गणित पुन्हा करावे. यंत्र आठ वर्षे चालेल आणि शेवटी साठ हजारांना विकले जाईल असे धरले, तर दर वर्षी ३०,००० रुपयांची झीज होते. गुंतवलेल्या पैशांचे व्याज सरासरी १८,००० धरा. तेलाच्या रबरी नळ्या, खिळी, टायर यांवर १२,०००. असे साठ हजार रुपये यंत्र शेडमध्ये उभे असले तरी वर्षाला जातातच. चालवायचे म्हटले की ताशी दीड लिटर पेट्रोल, चालवणाऱ्याची मजुरी, वंगण मिळून तीनशे रुपये.

बोडीची माती चारशे घनमीटर. छोट्या यंत्राला १७४ तास लागतील आणि नुसता चालविण्याचा खर्चच ५२,२०० रुपये होईल. शिवाय त्याचा हात आखूड असल्यामुळे मधली माती काठावर आणायला ती पुन्हा एकदा उचलावी लागेल, ते वेगळेच. जेसीबी तासाला पंचवीस घनमीटर काढतो असे धरले, तर सोळा तास लागतात. ताशी १,१०० रुपये भाड्याने १७,६०० रुपये. येथे वाद उरतच नाही.

चराचे गणित अधिक मजेदार आहे, कारण तेथे छोट्या यंत्राची बाजू भक्कम असावी असे वाटते. तीस सेंटिमीटर रुंद व पंचाहत्तर सेंटिमीटर खोल चर हा त्याच्याच मापाचा. तासाला दहा मीटर चर होतो. मोठ्या यंत्राची बकेट साठ सेंटिमीटर रुंद, म्हणजे ते गरजेच्या दुप्पट माती काढणार आणि ती पुन्हा बुजवावी लागणार. तरीही ते तासाला तीसेक मीटर चर काढते. मीटरला सदतीस रुपये पडतात. छोटे यंत्र वर्षात दोनशे तास चालले, तर साठ हजारांचा वाटा ताशी तीनशे येतो. चालविण्याचे तीनशे मिळवून ताशी सहाशे, म्हणजे मीटरला साठ रुपये. मजूर मऊ जमिनीत दिवसाला अडीच घनमीटर, म्हणजे अकरा मीटर चर खणतो. रोज चारशे रुपये असेल तर मीटरला छत्तीस! माणूस यंत्राला हरवतो, हे आकडे मांडल्याखेरीज मला स्वतःलाही खरे वाटले नसते.

मग अशी यंत्रे बनतात तरी कशाला? ज्या देशांत माणसाच्या एका तासाचा मोबदला आपल्याकडच्या दिवसाच्या मजुरीहून कितीतरी अधिक असतो, तेथे परसातला चर हाताने खणवून घेणे परवडत नाही. तेथे हेच यंत्र, हीच गती, हेच पेट्रोल, पण हिशेब उलटा. यंत्रात काहीही न बदलता ते एका गावी शहाणपणाचे आणि दुसऱ्या गावी खर्चाचे ठरू शकते.

आपल्याकडेही त्याला जागा नाही असे नाही. चिखलाच्या बांध्यांमधून, अरुंद धुऱ्यावरून सात टनांचे धूड जाऊ शकत नाही. गेले तर धुरा मोडते आणि माती दाबून टाकते. रोवणीच्या दिवसांत मजूर पैसे देऊनही मिळत नाही. अशा वेळी मीटरला साठ रुपयेसुद्धा कुणी आनंदाने देईल. पण अशा कामाचे वर्षात किती तास भरतात? आपल्या शेतकऱ्याची फसगत येथे होण्यासारखी आहे. पहिल्या वर्षी त्याला बोडीचे १७४ आणि चराचे ३० मिळून दोनशे तास दिसतात. बोडी मात्र दर वर्षी खोल करायची नसते. दुसऱ्या वर्षी घरचे काम वीस तासांचे उरले, तर साठ हजारांना विसाने भागा : ताशी तीन हजार, वर तीनशे. पाचसहा घरांनी मिळून घेतले आणि वर्षाला चारशे तास चालविले, तर ताशी साडेचारशे येतात आणि मीटरला पंचेचाळीस रुपये. तेव्हा विचार करायला हरकत नाही. ट्रॅक्टर आधीच घरी असेल तर त्याच्या मागे जोडण्याचा खणहातही मिळतो. त्याला ट्रॅक्टरचे वजन आणि इंजिन आयते लाभते. त्याची किंमत विचारूनच पुढे जावे.

एक इशारा मात्र पैशांच्या पलीकडचा आहे. चर किंवा खड्डा छातीएवढा खोल झाला, की त्याच्या उभ्या भिंती कधीही ढासळू शकतात. यंत्र छोटे असो वा मोठे, ते चालू असताना आत उतरू नये आणि काढलेल्या मातीचा ढीग काठाला लागून घालू नये.

आपल्या शेतकऱ्याने तूर्त बोडीसाठी जेसीबी दोन दिवस लावायचा आणि चर डिसेंबरात, जमिनीत ओल असताना मजुरांकडून खणून घ्यायचा, असे या गणितावरून दिसते. गणितातला एक आकडा मात्र कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. त्याच्याच शेतातली माती किती वेळात निघते, हा तो आकडा. शाळेतल्या एखाद्या तुकडीने शिक्षकांसह तो मिळवावा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल खड्डा डिसेंबरात सिहारात खणावा, दुसरा कन्हारात. तसेच दोन एप्रिलमध्ये. प्रत्येकाला लागलेली मिनिटे आणि निघालेल्या मातीची घमेली वहीत लिहावीत. गावात जेसीबी आला, तर लांब उभे राहून त्याची दहा आवर्तने घड्याळावर मोजावीत. मग वर धरलेले पंचवीस, अडीच आणि सव्वा हे आकडे खोडून तेथे आपले लिहावेत.