छातीत जळजळ : पित्त वाढले, की झडप ढिली पडली?



आपल्या ऊस पट्ट्यात दोन दुखणी घरोघरी ऐकू येतात. एक कंबरेचे आणि दुसरे पित्ताचे. जेवण झाले की छातीत जळजळते, घशाशी आंबट पाणी येते, करपट ढेकर येतात. मग कोणी चमचाभर खायचा सोडा घेतो, कोणी दुकानातून गोळी आणतो, तर कोणी सकाळी घशात बोटे घालून पित्त काढतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. असे का होते व ते आटोक्यात कसे ठेवावे, याची माहिती येथे देत आहोत.

बिघडते ते काय?

आपण ज्याला पित्त म्हणतो ते बहुतेक वेळा पित्त नसतेच. खरे पित्त यकृतात तयार होते आणि लहान आतड्यात उतरते. छातीत जळते ते जठरातले आम्ल, म्हणजे ॲसिड. हे आम्ल चांगलेच तीव्र असते, आणि ते लागतेही. अन्नाबरोबर गेलेले जंतू त्याने मरतात व पचनाला मदत होते. जठराला आतून चिकट पदार्थाचा लेप असतो म्हणून त्याला इजा होत नाही. वरच्या अन्ननलिकेला तसा भक्कम लेप नसतो. आम्ल तिथे चढले की आग होते.

विहिरीवरून वरच्या रानात पाणी नेताना आपण पाइपलाइनला एनआरव्ही बसवतो. मोटार बंद पडली तरी पाणी मागे फिरत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची अशीच झडप आहे. घास खाली गेला की ती मिटते. ती ढिली पडली, अवेळी उघडू लागली किंवा खालून पोटाचा दाब वाढला, की आम्ल मागे फिरते. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत आम्ल फार झाले असे नसते. ते नको त्या जागी जाते, हे खरे दुखणे.

सोड्याने का भागत नाही?

कारखान्यात उसाचा आंबूस रस शुद्ध करताना त्यात चुना घालून पीएच ७ च्या आसपास आणतात. सोडा किंवा दुकानातले पातळ औषध पोटात तेच काम करते. आम्ल मारते, पण झडप काही दुरुस्त करत नाही. शिवाय सोड्याने पोटात वायू होऊन दाब वाढतो, आणि त्यातले सोडियम रक्तदाबाच्या व मूत्रपिंडाच्या रोग्याला घातक ठरते. बोटे घालून ओकारी काढणे तर सोडूनच द्यावे. त्याने आम्ल मुद्दाम अन्ननलिकेतून वर आणले जाते आणि दातही झिजतात.

आपली रीत कुठे चुकते?

रात्रपाळीची वीज असली की शेतकरी उशिरा घरी येतो, दहा-अकराला पोटभर भाकरी-कालवण खातो आणि लगेच आडवा होतो. घरातल्या बायका सगळ्यांच्या मागून जेवतात, त्यांचंही तेच. भरले पोट आणि आडवे अंग, म्हणजे झडपेवर सगळा भार. जेवल्या जेवल्या वाढ्यांचा भारा उचलणे, वाकून काम करणे, नाडी किंवा पट्टा करकचून बांधणे, यानेही पोटावर दाब येतो. तंबाखू, विडी आणि दारूने झडप सैल पडते. सुटलेले पोट हे तर मोठेच कारण. गरोदरपणी शेवटच्या महिन्यांत अनेकींना हा त्रास होतो आणि बाळंतपणानंतर बहुधा थांबतो. उपवासाच्या दिवशी उपाशीपोटी चहावर चहा आणि मग तेल-तुपातली साबुदाण्याची खिचडी. एकादशी आणि दुप्पट खाशी, असे झाले की पोट बोलणारच.

काय करावे?

१) जेवण आणि झोप यांत निदान दोन-तीन तास ठेवावेत. रात्री पाणी भरायला जायचे असेल तर जाण्यापूर्वी, संध्याकाळीच जेवून घ्यावे. परत आल्यावर भूक लागली तर थोडेसेच खावे.

२) एकदम भरपेट खाण्याऐवजी थोडे थोडे खावे.

३) रात्री त्रास होत असेल तर खाटेच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा-आठ इंच उंच करावी. नुसत्या उशा वाढवू नयेत. त्याने पोट दुमडते. डाव्या कुशीवर झोपल्याने आराम पडतो.

४) वजन जास्त असेल तर कमी करावे. तंबाखू, विडी व दारू बंद करावी.

५) तिखट, तळलेले, चहा यांपैकी आपल्याला काय बाधते ते स्वतः पाहावे व तेवढे टाळावे. सगळ्यांनी सगळेच सोडण्याची गरज नाही.

ठेच्याने अल्सर होतो का?

तिखटाने जळजळ वाढते, पण पोटातल्या अल्सरची मुख्य कारणे दोन. एक म्हणजे जठरातला जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली हा जंतू स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवले. त्यांना व रॉबिन वॉरन यांना या शोधाबद्दल २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे कारण वेदनाशामक गोळ्या. कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने रोज घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यातून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. मात्र हृदयविकारासाठी डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन परस्पर बंद करू नये. आधी त्यांना विचारावे.

गोळ्यांविषयी

ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या गोळ्या आम्ल कमी तयार करतात. त्या जेवणानंतर नव्हे, सकाळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायच्या. साधारण चार ते आठ आठवड्यांचा कोर्स डॉक्टर देतात. काहींना त्या जास्त काळ लागतात, पण ते डॉक्टरांनी ठरवावे. वर्षानुवर्षे मनाने घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व कमी पडणे यांसारखे त्रास उद्भवू शकतात.

हे मात्र पित्त समजू नका

छातीवर दाब, आवळल्यासारखे दुखणे, दुखणे हातात किंवा जबड्यात जाणे, दरदरून घाम, दम लागणे, ही हृदयविकाराची लक्षणे आहेत. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत ती सौम्यही असू शकतात. "पित्त झालंय, पडून राहा" म्हणत घालवलेला एक तास जीव घेऊ शकतो. तडक १०८ ला फोन करावा. रुग्णाला चालवू नये, मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नये.

तसेच घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, अंगातले रक्त कमी होणे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली जळजळ असेल तर दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. वर्षानुवर्षे आम्ल लागून अन्ननलिका आकसते आणि क्वचित त्या जागी कर्करोगही होतो. त्यासाठी पुण्या-मुंबईलाच गेले पाहिजे असे नाही. साखरेच्या सहकाराने ज्या लोणीचे नाव देशभर नेले, तिथे १९७६ पासून प्रवरा ग्रामीण रुग्णालय चालू आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा रुग्णालय आहे.

मोटारीला एनआरव्ही बिघडला तर आपण दुसऱ्या दिवशी मिस्त्री बोलावतो. छातीतली झडप बदलून मिळत नाही. तेव्हा जेवणाची वेळ सांभाळावी, तंबाखूची पुडी सोडावी आणि आठवड्यातून दोन-तीनदा जळजळ होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. हा अंक घरातल्या माउलींनाही वाचून दाखवावा, कारण शेवटी जेवणाऱ्या त्याच.